सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड संपतो तेव्हा वेबसाइट का पडते, आणि ते कसं टाळायचं

वेबसाइट उघडावी तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: ५०३, सर्व्हिस अनअव्हेलेबल. कोड कोणी बदललेला नाही, सर्व्हर चालू आहे, डिस्कवर जागा आहे, नेटवर्क ठीक आहे. अशा वेळी जे कारण सगळ्यात शेवटी तपासलं जातं, तेच पुष्कळदा खरं निघतं: ज्या अकाउंटच्या नावाने ही साइट चालते, त्याच्या पासवर्डची मुदत संपलेली असते.

सर्व्हिस अकाउंट म्हणजे प्रोग्रामसाठी उघडलेलं अकाउंट. वेब ॲप्लिकेशनला डेटाबेस वाचायचा असतो, फाइल सर्व्हरवरून काही उचलायचं असतं, कंपनीच्या डिरेक्टरीला विचारून लोकांचं लॉगिन तपासायचं असतं. या प्रत्येक ठिकाणी त्याला 'मी कोण' हे सांगावं लागतं. माणसाच्या पासवर्डची मुदत संपत आली की विंडोज त्याला आधी काही दिवस आठवण करून देते आणि शेवटी नवा पासवर्ड टाकायला लावते. प्रोग्राम ती सूचना वाचत नाही. नवा पासवर्ड टाकायची खिडकी त्याच्यासमोर उघडतच नाही. त्याला थेट नकार मिळतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही कंपनीची सगळी अकाउंट सांभाळणारी विंडोजची व्यवस्था. तिचं नवं डोमेन, म्हणजे एका धोरणाखालचा अकाउंट आणि मशीनचा गट, उभं केलं की त्याच्या मूळ धोरणात पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवस असते. पुष्कळ कंपन्या ती ९० किंवा ३६५ करतात. ऑरॅकलच्या डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये ११जी आवृत्तीपासून ती १८० दिवस आहे आणि त्यावर ७ दिवसांची सवलत मिळते. मायएसक्यूएलने ५.७.४ ते ५.७.१० या आवृत्त्यांमध्ये गुपचूप ३६० दिवसांची मुदत डीफॉल्ट ठेवली होती. ज्यांनी तेव्हा सर्व्हर बसवला आणि ही सेटिंग पाहिली नाही, त्यांचं ॲप्लिकेशन जवळपास वर्षभराने एका दिवशी डेटाबेसपासून तुटलं. पुढे ५.७.११मध्ये हे डीफॉल्ट शून्य, म्हणजे 'मुदत नाही' असं केलं गेलं.

पासवर्ड आज संपतो, साइट परवा पडते

हे सगळं गोंधळाचं वाटतं ते या उशिरामुळे. विंडोजवर आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये चालणारी साइट घ्या. तिचा ॲप्लिकेशन पूल (ॲप पूल), म्हणजे साइट चालवणाऱ्या प्रोसेसचा कप्पा, एका डोमेन अकाउंटवर चालतो. त्यातली वर्कर प्रोसेस सुरू होताना एकदा लॉगऑन होतं आणि पुढे ती त्याच ओळखीवर चालत राहते. मध्येच पासवर्ड संपला तरी चालू प्रोसेसला कोणी बाहेर काढत नाही. नवी प्रोसेस उभी करायची वेळ येते तेव्हा नकार मिळतो.

ही वेळ कधी येते? आयआयएस ॲप पूलला डीफॉल्टने दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, रीसायकल करतं, म्हणजे जुनी प्रोसेस बंद करून नवी उभी करतं. आकडा मुद्दाम विचित्र आहे, रोज त्याच वेळी रीसायकल होऊ नये म्हणून. शिवाय २० मिनिटं कोणी साइट वापरली नाही तर प्रोसेस आपोआप थांबते. त्यामुळे कमी वापराची अंतर्गत साइट रात्री झोपते आणि सकाळी उठतच नाही, तर गर्दीची साइट तोच पासवर्ड असूनही पुढच्या रीसायकलपर्यंत नीट चालते. एकाच अकाउंटवरच्या दोन साइट वेगवेगळ्या दिवशी पडतात आणि दोन वेगळ्या टीम दोन वेगळी कारणं शोधत बसतात.

रीबूटचंही तसंच. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात, ते लावून सर्व्हर रीबूट होतो आणि साइट वर येत नाही. दोष पॅचवर जातो, तो काढून टाकला जातो, तरी साइट येत नाही. पासवर्ड तर आठवड्यापूर्वीच संपलेला असतो.

डेटाबेसशी आधीच उघडलेली कनेक्शनं आणखी दिशाभूल करतात. कनेक्शन पूलमधली जुनी कनेक्शनं चालू असतात, नवी उघडत नाहीत. केरबेरॉस या डोमेनमधल्या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं तिकीट डीफॉल्टने १० तासांचं असतं, तेवढ्यापुरतं जुन्या ओळखीवर निभावतं. म्हणून तीनपैकी एक सर्व्हर ठीक, एक मधूनच चुका देतो आणि एक पूर्ण बंद, असं दृश्य दिसतं. असं दिसलं की लोक लोड बॅलन्सर (येणाऱ्यांना सर्व्हरांमध्ये वाटून देणारा) उघडतात. आधी इव्हेंट लॉग उघडावा.

कारण कुठे सापडतं

आयआयएस असलेल्या सर्व्हरच्या सिस्टम लॉगमध्ये इव्हेंट ५०२१ आणि ५०५७ पाहा. ॲप पूलची ओळख अवैध आहे, म्हणून पूल बंद केला, असं ते सरळ शब्दांत सांगतात. एचटीटीपीईआरआर नावाच्या लॉगमध्ये त्याच वेळी 'ॲपऑफलाइन' अशी नोंद असते. ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या लॉगमध्ये मात्र काहीच नसतं, कारण ॲप्लिकेशन सुरूच झालेलं नसतं. विंडोज सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या गोष्टींसाठी इव्हेंट ७०३८ आणि ७०००, सोबत एरर १०६९: लॉगऑन न जमल्यामुळे सर्व्हिस सुरू झाली नाही.

पण 'लॉगऑन जमलं नाही' याची चार-पाच कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. सिक्युरिटी लॉगमधल्या ४६२५ या इव्हेंटमध्ये सब-स्टेटस नावाचा कोड असतो. त्याचे शेवटचे आकडे ७१ असतील तर पासवर्डची मुदत संपली आहे. ७२ म्हणजे अकाउंट बंद केलेलं आहे. १९३ म्हणजे खुद्द अकाउंटची मुदत संपली. २३४ म्हणजे अकाउंट लॉक झालं. पासवर्डची मुदत आणि अकाउंटची मुदत या दोन वेगळ्या तारखा आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यासाठीचा फॉर्म भरून सर्व्हिस अकाउंट काढलेलं असेल, तर त्याला 'कंत्राट संपण्याची तारीख' चिकटलेली असू शकते. मग पासवर्ड कितीही वेळा बदला, उपयोग नाही.

ऑरॅकलमध्ये ओआरए-२८००१ म्हणजे मुदत संपली, २८००२ म्हणजे संपत आली, २८००० म्हणजे अकाउंट लॉक. यातला २८००२ हा इशारा असतो, लॉगिन होतं. प्रोग्राम तो इशारा गिळून टाकतो, म्हणून लॉगमध्ये तो आकडा शोधणारा अलर्ट आधीच लावून ठेवावा. सवलतीचे ७ दिवस हातात मिळतात. लिनक्सवर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा) थांबला आणि 'ऑथेंटिकेशन टोकन इज नो लाँगर व्हॅलिड' असं दिसलं, तर चेज कमांडने त्या यूजरची तारीख पाहा.

साइट पडलेली असताना

घाईत नवा पासवर्ड ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. तो आणखी कुठे कुठे लिहिलेला आहे हे त्या क्षणी कोणाला माहीत नसतं आणि पडलेल्या एका साइटच्या जागी चार पडतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्ड तोच ठेवून घड्याळ पुन्हा सुरू करता येतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कंप्युटर्स या टूलमध्ये व्ह्यू मेनूतून ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू करा, अकाउंटच्या ॲट्रिब्यूट एडिटरमध्ये पीडब्ल्यूडीलास्टसेट शोधा, त्याची किंमत आधी ० करून अप्लाय करा, मग -१ करून अप्लाय करा. पासवर्ड आत्ताच बदलला अशी नोंद होते आणि पूर्ण नवी मुदत मिळते. बंद पडलेला ॲप पूल हाताने सुरू करा. सर्व्हर दुसऱ्या शहरातल्या डोमेन कंट्रोलरला (डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरला) विचारत असेल, तर हा बदल तिथे पोहोचायला वेळ लागतो. दोन ठिकाणांमधलं (ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्यांनाही 'साइट' म्हणते) रेप्लिकेशन, म्हणजे बदलांची देवाणघेवाण, डीफॉल्टने दर १८० मिनिटांनी होतं, ते हाताने ढकलावं लागेल.

ही मलमपट्टी आहे. मिळालेल्या दिवसांत पुढची कामं करायची असतात.

'नेव्हर एक्स्पायर्स'ची खूण

सोपा उपाय म्हणून बहुतेक जण 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' या चौकोनात टिक करतात. यापायी साइट पडायची थांबते हे खरं. पण मग तो पासवर्ड सात-आठ वर्षं तोच राहतो आणि नोकरी सोडून गेलेल्या सगळ्यांना पाठ असतो. अकाउंटला सर्व्हिस प्रिन्सिपल नेम (केरबेरॉससाठी सेवेचं नाव) जोडलेलं असेल तर डोमेनमधला कुठलाही साधा यूजर त्याच्यासाठीचं केरबेरॉस तिकीट मागू शकतो आणि घरी बसून पासवर्ड फोडायचा प्रयत्न करू शकतो. याला केरबरोस्टिंग म्हणतात. छोटा आणि जुना पासवर्ड तिथे टिकत नाही.

या खुणेत आणखी एक सापळा आहे. एखाद्या ऑडिटनंतर कोणीतरी ती टिक काढतं. मुदतीचा हिशेब टिक काढल्याच्या दिवसापासून होत नाही, पासवर्ड शेवटचा बदलला त्या दिवसापासून होतो. तीन वर्षांपूर्वीचा पासवर्ड असेल तर टिक काढल्या क्षणी तो संपलेला असतो. चाळीस अकाउंटची टिक एका स्क्रिप्टने काढली तर चाळीस अकाउंट एकदम संपतात. ३६५ दिवसांचं धोरण ९० वर आणलं तरी हेच होतं. म्हणून क्रम उलटा ठेवावा: आधी एकेका अकाउंटचा पासवर्ड नियोजनाने बदलायचा, मग टिक काढायची.

पासवर्डच कोणाला माहीत नको

विंडोजवर खरा इलाज आहे जीएमएसए, म्हणजे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट. विंडोज सर्व्हर २०१२पासून तो उपलब्ध आहे. यात पासवर्ड डोमेन स्वतः तयार करतं, डीफॉल्टने दर ३० दिवसांनी बदलतं आणि परवानगी असलेले सर्व्हर तो स्वतः मागून घेतात. पासवर्ड कोणी टाइप करत नाही, त्यामुळे तो बदलायला विसरायचा प्रश्न येत नाही. शिवाय डोमेन सर्व्हरला चालू पासवर्डसोबत आधीचाही देतं, म्हणून बदलाच्या क्षणी कोणी अधांतरी लटकत नाही.

उभारणी अशी. डोमेनमध्ये केडीएस रूट की (ज्यावरून हे पासवर्ड तयार होतात ती किल्ली) नसेल तर ती एकदाच तयार करावी लागते. ती सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत पोहोचावी म्हणून वापरात यायला १० तास लागतात. आदल्या दिवशी करून ठेवा. मग वेब सर्व्हरांचा एक सिक्युरिटी ग्रुप बनवा आणि त्यात सर्व्हरांची कंप्युटर अकाउंट घाला. ग्रुपमध्ये घातल्यावर सर्व्हर रीबूट करा, नाहीतर त्याच्या जुन्या तिकिटात हा ग्रुप नसतो आणि पासवर्ड मागितला की नकार येतो. पहिल्या उभारणीत सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. मग पॉवरशेलच्या न्यू-एडीसर्व्हिसअकाउंट कमांडने अकाउंट काढा. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. पासवर्ड बदलण्याचा कालावधी ३० दिवसांपेक्षा वेगळा हवा असेल तर तो याच वेळी द्यायचा, नंतर बदलता येत नाही. प्रत्येक सर्व्हरवर टेस्ट-एडीसर्व्हिसअकाउंट चालवा. उत्तर 'ट्रू' आलं पाहिजे. शेवटी ॲप पूलच्या ओळखीत डोमेन, तिरकी रेघ, अकाउंटचं नाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह लिहा. पासवर्डची जागा रिकामी सोडा. डेटाबेसमधले आणि फोल्डरवरचे हक्क या नव्या नावाला आधीच दिलेले हवेत.

पासवर्ड स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये मागणारी ॲप्लिकेशन, किंवा डिरेक्टरीला बाइंड करणारं, म्हणजे पासवर्ड देऊन जोडलं जाणारं, लिनक्सवरचं टॉमकॅट (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर), यांना हे साध्या मार्गाने जमत नाही. क्लाउडवर याच विचाराच्या सोयी आहेत: ॲझ्युअरमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटी, एडब्ल्यूएसमध्ये आयएएम रोल. व्हर्च्युअल मशीन त्याच क्लाउडवर असेल तर सिक्रेट जपण्याचं काम अंगावर घेण्यात अर्थ नाही.

जिथे पासवर्ड टळत नाही, तिथे एका वेळी दोन

एकच पासवर्ड असला की तो बदलण्याचा क्षण सगळीकडे एकाच वेळी साधावा लागतो. कुलूप बदललं आणि घरातल्या पाचांपैकी एकाला नवी किल्ली द्यायची राहिली, की तो रात्री दाराबाहेर. दोन्ही किल्ल्या काही दिवस चालल्या तर घाई राहत नाही. पुष्कळ प्रणालींनी ही सोय आता दिलेली आहे.

मायएसक्यूएल ८.०.१४पासून पासवर्ड बदलताना 'रिटेन करंट पासवर्ड' असं लिहिलं की जुनाही चालू राहतो. काम झालं की जुना टाकून द्यायचा. ऑरॅकलने प्रोफाइलमध्ये पासवर्ड_रोलओव्हर_टाइम दिला आहे, तेवढा काळ दोन्ही चालतात. पोस्टग्रेसमध्ये एका रोलला (तिथे यूजरलाही रोलच म्हणतात) एकच पासवर्ड असतो, म्हणून तिथे दोन लॉगिन रोल काढा आणि सगळे हक्क तिसऱ्या, लॉगिन नसलेल्या रोलला देऊन दोघांना त्याचे सदस्य करा. आलटून पालटून वापरायचे. हीच युक्ती ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही चालते: दोन अकाउंट, हक्क मात्र ग्रुपला.

एडब्ल्यूएसमध्ये एका आयएएम यूजरला दोन ॲक्सेस की ठेवता येतात. त्या आपोआप संपत नाहीत, बदलण्याचं काम तुमचं. जुनी की लगेच डिलीट करू नका, आधी 'इनॲक्टिव्ह' करा. कुठे काही अडलं तर ती एका क्लिकने परत चालू होते. डिलीट केलेली परत येत नाही.

मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डिरेक्टरी म्हणजे एन्ट्रा. तिच्यातल्या ॲप रजिस्ट्रेशनचं क्लायंट सिक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, पोर्टलवरून जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं. संपलं की एएडीएसटीएस ७०००२२२ हा एरर येतो. एका ॲपला अनेक सिक्रेट ठेवता येतात, म्हणून जुनं संपायच्या महिनाभर आधी नवं काढा, ॲप्लिकेशनमध्ये बसवा आणि सर्व्हिस प्रिन्सिपलच्या (म्हणजे ॲपच्या ओळखीच्या) साइन-इन लॉगमध्ये कोणत्या कीने लॉगिन होतंय ते पाहा. जुन्या कीची नोंद यायची थांबली की ती काढा. सिक्रेटची किंमत तयार केल्यावर एकदाच दिसते आणि शेजारीच सिक्रेटचा आयडी असतो. घाईत आयडीच कॉपी होतो आणि ७०००२१५ हा एरर मिळतो. तो दिसला तर मुदतीच्या मागे लागू नका, चुकीचा रकाना कॉपी झालाय.

पासवर्ड कुठे कुठे लिहिलेला आहे

हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळूनच बहुतेक रोटेशन, म्हणजे पासवर्ड बदलण्याची कामं, फसतात. एका विंडोज सर्व्हरवर पाहायच्या जागा: ॲप पूलची ओळख, विंडोज सर्व्हिस, टास्क शेड्युलर, कॉमप्लस ॲप्लिकेशन, कॉन्फिग फाइलमधली कनेक्शन स्ट्रिंग, नेटवर्क ड्राइव्ह जोडणारी बॅच फाइल. डेटाबेस सर्व्हरवर एसक्यूएल एजंटचे क्रेडेन्शियल. त्याबाहेर डिप्लॉयमेंट पाइपलाइनचे व्हेरिएबल आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर. लिनक्सवर त्या अकाउंटची कीटॅब फाइल (केरबेरॉसची किल्ली साठवणारी) असेल तर पासवर्ड बदलला की तिचा आवृत्तिक्रमांक जुना पडतो. नवी कीटॅब काढून बसवावी लागते. कोणाला विचारून ही यादी पूर्ण होत नाही. डोमेन कंट्रोलरवरच्या ४७६८, ४७७६ आणि सर्व्हरवरच्या ४६२४ या यशस्वी लॉगऑनच्या नोंदी किमान एक महिना गोळा करा, म्हणजे महिनाअखेरीस चालणारा अहवालही त्यात सापडतो.

बदलल्यावर तपासणी लगेच संपवू नका. एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या पद्धतीने नेटवर्क लॉगऑन होत असेल तर जुना पासवर्ड बदलानंतर डीफॉल्टने ६० मिनिटं चालतो. पाच मिनिटांत 'सगळं हिरवं' दिसतं, टीम घरी जाते आणि तासाभराने फोन वाजतो. बदलाच्या ठरलेल्या वेळेतच प्रत्येक सर्व्हरचा ॲप पूल एकेक करून मुद्दाम रीसायकल करा. जे तुटायचं ते समोर तुटू दे. दीड-दोन तासांनी पुन्हा एकदा पाहा.

राहून गेलेली जागा पुढे लॉकआउटही घडवते. नुकताच बदललेला जुना पासवर्ड कोणी वापरला तर ॲक्टिव्ह डिरेक्टरी इतिहासातल्या अलीकडच्या पासवर्डांशी ताडून तो चुकीच्या प्रयत्नांत मोजत नाही. म्हणून पहिल्या बदलात विसरलेला टास्क नुसता अयशस्वी होत राहतो. दोन-तीन बदलांनंतर त्याचा पासवर्ड त्या इतिहासाच्या पलीकडे जातो, प्रयत्न मोजले जाऊ लागतात, अकाउंट लॉक होतं आणि नीट चालणारे सगळे सर्व्हर पडतात. ४७४० हा इव्हेंट कोणत्या मशीनवरून हे घडलं ते सांगतो.

तारीख कोणी पाहायची

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक अकाउंटसाठी एमएसडीएस-यूजरपासवर्डएक्स्पायरीटाइमकंप्युटेड नावाचा ॲट्रिब्यूट असतो. वेगळं धोरण लावलेलं असलं तरी तो बरोबर तारीख देतो. रोज एक स्क्रिप्ट ही तारीख, अकाउंटच्या मुदतीची तारीख आणि एन्ट्रामधल्या सगळ्या सिक्रेटच्या तारखा वाचू दे. ४५ दिवस उरले की टिकिट (टीमसाठी कामाची नोंद) उघडू दे, १४ उरले की ते वरच्या पायरीवर जाऊ दे, ३ उरले की ऑन-कॉल फोन वाजू दे. नुसत्या मेलवर भिस्त ठेवू नये. मेल जातो अकाउंट काढणाऱ्याला, आणि तो एव्हाना दुसऱ्या कंपनीत असतो. मालक म्हणून टीमचं नाव लिहावं. स्क्रिप्ट चालली नाही तरी अलर्ट यायला हवा, आणि स्क्रिप्टचं स्वतःचं अकाउंटही त्या यादीत हवं.

मुदतीचा आकडा निवडताना वाराचा विचार करा. ४२ ला ७ ने भाग जातो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ठेवलेला पासवर्ड शुक्रवारी संध्याकाळीच संपतो. ९० दिवसांत सोमवारचा रविवार होतो, १८० दिवसांत सोमवारचा शनिवार. ९१ ठेवला आणि पासवर्ड मंगळवारी सकाळी बदलला, तर मुदत मंगळवारी सकाळीच संपेल, जेव्हा सगळे जागेवर असतात.

टीएलएस सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा दाखला, याचीही हीच कथा आहे, फक्त त्यांची तारीख जगाला दिसते. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटू, जपानमध्ये सॉफ्टबँक यांच्या ग्राहकांची मोबाइल सेवा कोलमडली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी याच कारणाने मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद होतं. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस ठरली आहे. दर दीड महिन्याला हाताने बदलत बसणं कोणालाच परवडणार नाही, तिथे एसीएमईसारखं (सर्टिफिकेट आपोआप मिळवण्याची पद्धत) स्वयंचलन लागणारच. ते बसवताना सर्व्हिस अकाउंटचं कामही त्याच प्रकल्पात घ्यावं, कारण यादी, मालक आणि अलर्ट दोन्हींना तेच लागतात.

आणि लोड बॅलन्सरचं हेल्थ चेक एकदा उघडून पाहा. ते एखाद्या स्थिर एचटीएमएल पानाला '२०० ओके' मिळाल्यावर खूश होत असेल, तर डेटाबेसचा पासवर्ड संपलेला सर्व्हरही त्याला तंदुरुस्त वाटतो आणि लोकांना तिकडेच पाठवत राहतो. हेल्थ चेकच्या पानाने त्याच सर्व्हिस अकाउंटने डेटाबेसला नवं कनेक्शन उघडून एक छोटी क्वेरी चालवावी. पूलमधलं जुनं कनेक्शन तिथे चालणार नाही, ते वापरलं तर पुन्हा सगळं हिरवंच दिसेल.